किमयागारांचीं चिन्हें आणि शाळेचा संगणक

रसायनशास्त्र शिकविणाऱ्या शिक्षकास वर्षांतून एकदां तरी एक प्रश्न हटकून विचारला जातो. सोन्याचें चिन्ह ‘ए-यू’ कां, शिशाचें ‘पी-बी’ कां, आणि बिचाऱ्या लोखंडानें असा काय अपराध केला कीं त्याच्या इंग्रजी नांवांतील एकहि अक्षर त्याच्या चिन्हास लाभूं नये? उत्तर ठरलेलें आहे. हीं अक्षरें ऑरम, प्लंबम व फेरम ह्या लॅटिन नांवांचीं होत. एवढें सांगितलें म्हणजे वर्ग पुढें सरकतो. परंतु यंदा दहावीच्या वर्गांतील एका मुलानें त्याच्यापुढचा प्रश्न विचारला: “सर, हीं अक्षरें येण्याच्या आधीं लोक काय लिहीत होते?” प्रश्न परीक्षेचा नव्हता, म्हणूनच तो आम्हांस फार आवडला.

उत्तर आमच्या खिशांत होतें. आमच्या मोबाइलांत युरोपांतील जुन्या किमयागारांच्या चिन्हांचा एक चिमुकला कोश आहे. आजच्या बोलींत अशा वस्तूस ‘अ‍ॅप’ म्हणतात. एखाद्या चिन्हावर बोट ठेवावें, कीं त्याचें नांव व दोनचार ओळींची माहिती समोर येते. पण वर्गांत साठ मुलें आणि मोबाइल वीतभर. शिवाय वर्गांत मोबाइल काढूं नये हा नियम आम्हीच मुलांस रोज ऐकवितों. तो त्यांच्यादेखत आम्हीच मोडणें बरें दिसलें नसतें. आमच्या एका तरुण सहकाऱ्यांनीं सुचविलें कीं मोबाइलावरील चित्र थेट पडद्यावर पाडतां येतें. तें खरें आहे. परंतु आमचा मोबाइल संध्याकाळीं आमच्याबरोबर घरीं जातो, आणि मुलांनीं तर मधल्या सुटींत, आमच्या पाठीमागें, आपल्या मनानें तीं चिन्हें चाळावींत अशी आमची इच्छा होती. कित्येकांच्या घरीं असा मोबाइल नाहीं, आणि ज्यांच्या घरीं आहे तेथें तो वडिलांबरोबर कामावर जातो. सबब तो कोश शाळेच्या संगणकावर आणावयाचा असें आम्हीं ठरविलें.

ठरविणें सोपें होतें. मोबाइलासाठीं लिहिलेली आज्ञावली संगणकास समजत नाहीं. मोबाइलांतील मुख्य यंत्र बहुधा ‘एआरएम’ घराण्याचें असतें आणि आमच्या प्रयोगशाळेंतील संगणकाचें ‘एक्स-८६’ घराण्याचें. शिवाय एकावर अँड्रॉइडचा कारभार, तर दुसऱ्यावर विंडोजचा. दोघांची मातृभाषा भिन्न, रीतभात भिन्न. मग मध्यें दुभाषी लागतो. त्याला ‘इम्युलेटर’ म्हणतात. मुलांनीं त्याचें नांव ‘नकल्या’ असें ठेविलें व तें आम्हांस इंग्रजी नांवापेक्षां अधिक समर्पक वाटतें. हा नकल्या संगणकाच्या पोटांत एक लटका मोबाइल उभा करतो. त्या मोबाइलास स्वतःची स्मृति असते, स्वतःचें कोठार असतें, आणि नसलेली बॅटरी भरलेली असल्याची खूणहि तो कोपऱ्यांत दाखवितो. आपण लटक्या मोबाइलांत आहों हें आंतल्या अ‍ॅपला कळतहि नाहीं.

ह्या सोंगाची किंमत मात्र खरी मोजावी लागते. संगणक चालूं होण्यापूर्वीं जी एक मुळाची मांडणी असते, ‘बायॉस’ म्हणून, तिच्यांत जाऊन एका यंत्रांत दुसरें यंत्र कल्पिण्याची मुभा द्यावी लागली. ती आमच्या संगणकांत बंद होती. चार जीबी स्मृति पुरेना. मोडीत निघालेल्या दुसऱ्या एका संगणकांतील पट्टी काढून ती आठ केली. तीन शनिवार त्यांत गेले. कोश अवघा कांहीं एमबींचा. त्याच्याकरितां उभारलेला लटका मोबाइल कित्येक जीबींचा! चिमूटभर मीठ ठेवण्यासाठीं मिठागर बांधण्यापैकींच हा प्रकार. तथापि चौथ्या सोमवारीं पडद्याच्या मधोमध तो उभा, अरुंद कोश उघडला, कंट्रोलची कळ दाबून माउसनें तो मोठा करतां येतो हें मुलांनींच शोधून काढलें, आणि मिठागराचें दुःख आम्ही विसरलों.

प्रथम सात धातु पाहिले. वर्तुळांत बिंदु, तें सोनें; तेंच सूर्याचें चिन्ह. चंद्रकोर म्हणजे रुपें. मंगळाचें भाला व ढाल दाखविणारें चिन्ह लोखंडाचें, बुधाचें पाऱ्याचें, गुरूचें कथिलाचें, शुक्राचें तांब्याचें आणि शनीचें शिशाचें. आम्ही फळ्यावर एकाखालीं एक ओळींनें मांडूं लागलों, तों मागल्या बांकावरून कुणी ओरडलें, “सर, हा तर आठवडा आहे!” खरोखर रविवारपासून शनिवारपर्यंतचा आमचा आठवडा त्या सात धातूंनीं भरलेला होता. ज्या सात ग्रहांनीं वारांस नांवें दिलीं त्यांनींच धातूंसहि चिन्हें दिलीं. तेव्हांपासून वर्गांत शुक्रवारला ‘तांबें’ व सोमवारला ‘रुपें’ म्हणण्याची टूम निघाली आहे, आणि शनिवारची सकाळची शाळा शिशासारखी जड असते ह्याबद्दल तर कोणाचाच मतभेद नाहीं.

मुलींचें लक्ष शुक्राच्या चिन्हाकडे गेलें. जीवशास्त्राच्या पुस्तकांत हेंच चिन्ह स्त्रीजातीचें म्हणून येतें, व मंगळाचें पुरुषजातीचें. मग तांबें स्त्री आणि लोखंड पुरुष कीं काय? लिनीअस ह्या स्वीडिश पंडितानें अठराव्या शतकाच्या मध्यास वनस्पतींविषयीं लिहितांना हीं चिन्हें त्या अर्थानें योजिलीं, आणि पुढें तींच रूढ झालीं. गंमत अशी कीं त्याच लिनीअसनें १७५३ सालच्या आपल्या मोठ्या ग्रंथांत मंगळाचें चिन्ह दोन वर्षें जगणाऱ्या झाडासाठीं आणि सूर्याचें एक वर्ष जगणाऱ्या झाडासाठींहि वापरलें. पुढें १८०८ सालीं डाल्टननें आपली परमाणूंची चित्रलिपि प्रसिद्ध केली, तींत वर्तुळांतील बिंदु हायड्रोजनचा झाला. किमयागाराचें सोनें डाल्टनच्या हातीं सर्वांत हलका वायु ठरलें! चिन्ह तेंच राहतें आणि घर बदललें कीं अर्थ बदलतो. आमच्या मोबाइलांतला कोश मात्र एका चिन्हास एकच अर्थ देऊन मोकळा होतो. वर्तुळावर क्रूस असलेलें चिन्ह तो केवळ अँटिमनीचें म्हणून सांगतो. तेंच पृथ्वीचेंहि आहे हें सांगत नाहीं. कोशावर विसंबणाऱ्या मुलांस हें आम्ही पुनःपुन्हा बजावीत असतों.

ह्या पद्धतीचा वाईटपणा किमयागारांस मान्य होताच. किंबहुना त्यांतच त्यांस सोय वाटे. ज्याला गुरूनें किल्ली दिली नाहीं त्यानें वाचूं नये हाच हेतु. आमच्याकडील जुन्या रसग्रंथांतून अशीं रेखाचिन्हें आढळत नाहींत, परंतु विद्या गुप्त ठेवावी ही आज्ञा तेथेंहि आहेच. प्रत्यक्ष न्यूटनसारख्यालाहि हा गुंता सोडवावा लागला. गुरुत्वाकर्षणाच्या ह्या आचार्यानें किमयेवर सुमारें दहा लक्ष शब्द लिहून ठेविले आहेत हें ऐकून आमचीं मुलें अवाक् झालीं. त्या विद्येंतील शब्द कोणत्या ग्रंथांत कोठें आले आहेत ह्याची शेंकडों नोंदींची एक अनुक्रमणिका त्यानें स्वतःसाठीं तयार केली होती. न्यूटनचें तें अ‍ॅपच म्हणावयाचें, फक्त त्यास नकल्या लागत नव्हता. हे कागद १९३६ सालीं लंडन येथें लिलांवांत निघाले. अर्थशास्त्रज्ञ केन्स ह्यांनीं त्यांपैकीं पुष्कळसे मिळवून केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजाकडे पोंचते केले.

येथें आमच्या संगणकावरील एका अडचणीची हकीकत सांगितली पाहिजे, कारण ती ह्या कागदांशीं निगडित आहे. मुलांनीं भित्तिपत्रकासाठीं चिन्हांचा तक्ता संगणकावर लिहावयास घेतला. लटक्या मोबाइलांत सगळीं चिन्हें नीट दिसत. पण तींच उचलून बाहेर लिहावयाच्या पानावर ठेवलीं, तेव्हां ग्रहांचीं सात तेवढीं उमटलीं आणि बाकीच्या जागीं नुसते रिकामे चौकोन! मुलांस वाटलें, संगणक बिघडला. तसें नव्हतें. जगांतील लिप्यांच्या प्रत्येक अक्षरास एक क्रमांक देणारी ‘युनिकोड’ नांवाची जी व्यवस्था आहे, तिच्यांत ग्रहांचीं चिन्हें पूर्वींपासून आहेत. किमयेचीं खास चिन्हें, एकंदर ११६, तिच्यांत २०१० सालीं आलीं. अमेरिकेंतील इंडियाना विद्यापीठांत न्यूटनचे किमयेचे कागद संगणकावर उतरविण्याचें काम चाललें होतें. तेथील लोकांस तीं चिन्हें जशींच्या तशीं लिहावयाचीं होतीं व लिहितां येईनात, म्हणून त्यांनीं ही मागणी पुढें नेली. पण क्रमांक मिळाला म्हणजे अक्षर दिसतेंच असें नाहीं. त्या क्रमांकाचें रूप ज्यांत कोरलेलें आहे तो अक्षरसंच, ज्यास फाँट म्हणतात, संगणकांत असावा लागतो. आमच्या संगणकांत तो नव्हता. अ‍ॅप आपला संच आपल्याबरोबर घेऊन आलें होतें, म्हणून त्याचें अडलें नाहीं.

मराठी लिहिणाऱ्यास हें दुःख नवें नाहीं. एका संगणकावर टंकलेला मराठी मजकूर दुसऱ्यावर उघडतांच त्याचे इंग्रजी अक्षरांचे भेसूर तुकडे होत असलेले आमच्या वयाच्या सर्वांनीं पाहिले आहेत. आणि त्याच्याहि आधीं हेंच दुःख छापखान्यांत खिळ्यांचें होतें. मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यांत टॉमस ग्रॅहॅम ह्यांनीं देवनागरी खिळे सुबक करण्यासाठीं आयुष्य वेंचलें. त्यांच्या हाताखालीं शिकलेल्या जावजी दादाजींनीं पुढें १८६९ सालीं ‘निर्णयसागर’ काढला. सुबक खिळे नसते तर कित्येक ग्रंथ आपल्या आज्यापणज्यांस वाचावयास मिळाले नसते. आज आपण सोनें ‘ए-यू’ असें लिहितों त्याच्याहि मुळाशीं ही खिळ्यांची अडचण आहे. बर्झेलियसनें १८१३-१४ च्या सुमारास डाल्टनचीं वर्तुळें बाजूस सारून साधीं अक्षरें सुचविलीं, त्याचें एक कारण हें कीं अक्षरें लिहावयास सोपीं आणि त्यांचे खिळे प्रत्येक छापखान्यांत तयारच असतात. डाल्टनला तें मुळींच रुचलें नाहीं. पण छापखाना बर्झेलियसच्या बाजूचा होता. त्या मुलाच्या प्रश्नाचें खरें उत्तर, आमच्या मतें, येथें आहे. ‘नोटो’ ह्या मोफत मिळणाऱ्या अक्षरसंचांतील चिन्हांचा भाग आम्हीं उतरवून घेतला, आणि रिकामे चौकोन भरून निघाले.

तक्ता करतांना मुलांनीं एक गोष्ट आपण होऊन केली, व ती आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. कोशांतील नांवें इंग्रजी, आणि तींहि जुनाट. त्यांचे अर्थ शोधण्यासाठीं मुलें आम्हांस विचारीत बसलीं नाहींत. त्यांतलीं चारजणें बाजारांतल्या काष्ठौषधीच्या दुकानीं गेलीं. दुकानदारानें डबे उघडून दाखविले: नवसागर, सोरा, तुरटी, हिराकस, टाकणखार, हिंगूळ, मनशीळ, हरताळ, कळीचा चुना. कागदावर जीं अक्राळविक्राळ जादूचीं चिन्हें वाटत होतीं तीं वाण्याच्या डब्यांतलीं निघालीं. एक तारा म्हणजे नवसागर. उभ्या रेघेनें दुभागलेलें वर्तुळ म्हणजे सोरा, आडव्या रेघेनें दुभागलेलें म्हणजे मीठ. त्रिकोणाखालीं क्रूस म्हणजे गंधक. पुढें मूत्र व घोड्याची लीद ह्यांचींहि चिन्हें निघालीं तेव्हां वर्गांत जो हंशा पिकला तो शेजारच्या वर्गापर्यंत गेला. लीद कशाला? तर ती कुजतांना सौम्य, एकसारखी ऊब देते. भांडें तींत पुरून ठेवीत. आपले वैद्य पुटें देतांना गोवऱ्या मोजून रचतात, त्यांतलेंच हें शहाणपण. आंच मोजावयास यंत्र नव्हतें, म्हणून जळणच मोजावयाचें.

चार तत्त्वांचे त्रिकोण सर्वांत सोपे. टोंक वर तो अग्नि, टोंक खालीं तें पाणी. त्या पाण्याच्या त्रिकोणाशीं एक इंग्रजी ‘एफ’ जोडला कीं तें ‘तीव्र पाणी’, म्हणजे आजचें नायट्रिक आम्ल; ‘आर’ जोडला कीं ‘राजाचें पाणी’, म्हणजे अम्लराज. ह्यांत हायड्रोक्लोरिक आम्लाचे तीन भाग व नायट्रिकचा एक भाग. दोघांपैकीं एकट्याकडून सोनें विरघळत नाहीं. दोघें मिळून विरघळवितात. धातूंच्या राजाला जिंकतें म्हणून तें नांव. हें सर्व पाठ्यपुस्तकांतहि आहे, आणि मुलें तें दरसाल पाठ करून लिहितात.

त्या दिवशीं वर्ग सुटल्यावर एक मुलगी मागें राहिली. एरवीं ती बोलत नाहीं. तिनें विचारलें, “सर, हें पाणी पिवळट असतें का?” होय, तयार केल्यावर थोड्याच वेळांत तें पिवळें, नारिंगी होतें. मग तिनें सांगितलेलें असें. दोन वर्षांपूर्वीं त्यांच्या वस्तीवर एक इसम भांडीं व दागिने उजळून देतों म्हणून आला. घरीं तिची आई एकटी होती. पितळी तांब्या आधीं लखलखीत करून दाखविला. मग आजीच्या सोन्याच्या पाटल्या त्याच्या पिवळट पाण्यांत बुडविल्या व चकचकीत करून परत दिल्या. पुढें नडीच्या वेळीं पाटल्या सराफाकडे नेल्या, तेव्हां वजन पुष्कळच कमी भरलें. पाटल्या तर त्याच, नक्षी तीच. सोनें गेलें कोठें? उघड कोणी कांहीं बोललें नाहीं. परंतु तेव्हांपासून कपाटाची किल्ली आजीनें सुनेजवळ ठेवली नाहीं, आणि जेवतांना घरांत बोलणें होत नाहीं.

पालकसभेच्या दिवशीं ती आजीस घेऊन प्रयोगशाळेंत आली. आम्हीं त्यांस बसावयास खुर्ची दिली. पडद्यावरचा त्रिकोण दाखविला. तो त्यांनीं डोळे बारीक करून पाहिला, पण चिन्हानें त्यांचें समाधान कसें व्हावें? सोनें आणावें कोठून, आणि अम्लराज शाळेंत हाताळण्याजोगी वस्तु नव्हे. म्हणून खिडकीशीं उभें राहून एका परीक्षानळींत नायट्रिक आम्लाचे थेंब घेऊन त्यांत तांब्याच्या तारेचा बारीक तुकडा टाकला. तपकिरी धूर निघाला, तार झिजत झिजत नाहींशी झाली व तळाशीं निळसर हिरवें पाणी उरलें. “तार कोठें गेली, आजी?” आम्हीं विचारलें. त्यांनीं पाण्याकडे बोट केलें. मग मोरचूदाच्या पाण्यांत लोखंडी खिळा उभा केला. मोरचूदांत तांबेंच असतें. थोड्या वेळानें खिळा बाहेर काढला, तों त्यावर तांबूस थर चढलेला.

“म्हणजे माझं सोनंहि तसंच त्याच्या पाण्यांत होतं?”

“होय. हिराकस टाकून तें त्यानें मागाहून खालीं बसविलें असेल. तपकिरी भुकटीसारखें दिसतें.”

त्या खिळ्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “गुरुजी, तो मेला पाण्यांतून घेऊन गेला. घरांतून कोणी नेलं नाहीं.” आणि नातीस म्हणाल्या, “तुझी आई फाटकापाशीं उभी असेल. तिला आंत बोलाव. हा खिळा तिलाहि दाखवूं दे गुरुजींना.” आम्हीं दुसरा खिळा घांसून ठेवला.

तक्ता आतां प्रयोगशाळेच्या भिंतीवर लागला आहे. त्यावर चाळीस चिन्हें आहेत; प्रत्येकाखालीं इंग्रजी नांव, बाजारांतलें मराठी नांव व आजचें रासायनिक नांव अशा तीन ओळी. अम्लराजाखालीं मुलांनीं लाल शाईनें चौथी ओळ लिहिली आहे: दारावर येणाऱ्याच्या पाण्यांत दागिना बुडवूं नये. लटका मोबाइल अद्यापि त्याच संगणकांत आहे. तो जागा होण्यास बराच वेळ लागतो, तेवढ्यांत मुलें तक्ताच वाचून घेतात. स्नेहसंमेलनास येणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनीं वर चढून तो अवश्य पाहावा. घोड्याच्या लिदीचें चिन्ह तेवढें मुलांनीं दोन ठिकाणीं काढलें आहे, आणि त्यांपैकीं एकहि खोडून टाकण्यास तीं कबूल नाहींत.